गोमाईची जीभ

"जीभ निघाली! जीभ निघाली!" कोणीतरी ओरडलं आणि मारुतीच्या पारासमोरची गर्दी एकदम पुढे रेटली गेली.

एका गायीची जीभ पाहायला माणसांनी इतकी चेंगराचेंगरी केलेली मी आधी कधी पाहिली नव्हती. पारावर बायका, शाळेच्या भिंतीवर पोरं, आणि ज्यांना कुठेच जागा मिळाली नाही ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. मधल्या मोकळ्या जागेत कपाळाला भस्म लावलेल्या गावातल्या कालवडी एका लांब दोराला ओळीनं बांधल्या होत्या. त्यांच्यापुढून एक पांढरी गाय सावकाश चालली होती. शिंगांना सोनेरी बेगड, गळ्यात झेंडूची माळ, पाठीवर जरीची झूल. हीच गोमाई. एका कालवडीपाशी ती थांबली, तिला हुंगून पुढे गेली. दुसरीपाशी मात्र तिनं आपली लांबलचक खरखरीत जीभ बाहेर काढली आणि तिचं कपाळ चाटायला लागली.

"पावली! गोमाई पावली!" लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या कालवडीच्या मालकानं तर गोमाईच्या शेपटीला मिठी मारली.

गोमाईच्या मागून इंद्रभान महाराज चालत होते. भगवी लुंगी, काळा गॉगल, खांद्यावर दोन झोळ्या आणि कानाला अडकवलेला माइक.

"भाविकहो," महाराजांचा आवाज कर्ण्यातून घुमला, "डॉक्टर काय बघतो? कातडी बघतो! माझी गोमाई कर्म बघते. लोणारच्या विवरात जी उल्का कोसळली, तिचा एक कण हिच्या जिभेवर आहे. त्या जिभेत सात हजार सूक्ष्म नेत्र आहेत. विज्ञान म्हणतं एक्स-रे, आम्ही म्हणतो जिव्हा-रे! जिला गोमाईनं चाटलं, ती दुधाची खाण. तिनं गावाची शीव ओलांडायची नाही. आणि जिला नाकारलं, ती रुष्ट कालवड! तिची सावली पडेल तो गोठा भाकड! अमावास्येच्या आत बाहेर काढा."

बाहेर काढायची सोयही तयार होती. उकंडराव नावाचा एक जनावरांचा व्यापारी योगायोगानं फाट्यावर टेम्पो घेऊन उभाच असायचा. "रुष्ट जनावर कोन घेते हो? पन मी घेतो. तुमचं पाप मी वाहून नेतो," असं म्हणत तो निम्म्या किमतीत कालवडी उचलायचा, वर दोन्ही हात जोडून आभार मानून घ्यायचा.

मी गावातलं दूध संकलन केंद्र चालवतो. माझं नाव भगवान, आणि गावात देव न मानणारा माणूस शोधायला निघालात तर लोक तुम्हाला भगवानकडेच पाठवतील. गावाचं नाव मात्र सांगत नाही. दुसरबीडपासून जवळच आहे, एवढं पुरे. नाव छापून आलं तर पोरापोरींच्या सोयरिकी मोडतील.

महाराजांचं हे दुसरं दर्शन. पहिलं पंधरवड्यापूर्वी झालं होतं. त्या दिवशी आमच्या गीताबाईंची कबरी कालवड नाकारली गेली आणि टेम्पोत चढली. तिची आई माझ्या केंद्रावर सगळ्यांत जास्त दूध देणारी गाय. मी गीताबाईंना म्हणालो, "अहो वहिनी, अशा मायेची कालवड कोणी विकतं का?" तर त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय करू भाऊ, गोठा भाकड झाला तं?" मला इतका राग आला की त्या दिवशी मी दोन वेळा दुधाची फॅट चुकीची लिहिली.

पण पहिल्या दर्शनातली खरी गंमत हिंमतरावांची. हिंमतराव म्हणजे गावातले जाणते शेतकरी. जनावराच्या केसांतले भोवरे पाहून त्याचं भविष्य सांगणार. कपाळावर दोन भोवरे दिसले की फुकट दिलं तरी घेणार नाहीत. त्या दिवशी ते भर उन्हात शेतात शेणखत पांगवून थेट दर्शनाला आले होते. टोपी काढून गोमाईच्या पाया पडायला वाकले, आणि गोमाईनं त्यांचं टक्कल चाटायला सुरुवात केली. चाटता चाटता थांबेचना! कानामागून, मानेवरून, पुन्हा टकलावर. महाराजही क्षणभर गोंधळले. मग त्यांनी डोळे मिटले आणि जाहीर केलं, "हा जीव पूर्वजन्मी कालवड होता!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून हिंमतरावांची चाल बदलली. कांदा सोडला, चप्पल सोडली. बायका सकाळी दारात येऊन त्यांना कुंकू लावून जायच्या. एक म्हातारी तर हिरव्या घासाची पेंढी ठेवून गेली आणि हिंमतरावांनी ती परत केली नाही. गोमाईचा मुक्काम अर्थातच त्यांच्या गोठ्यात. महाराजांची ताकीद होती की गोमाईला फक्त कोरडा कडबा घालायचा, मिठाचा खडासुद्धा दाखवायचा नाही. "मीठ म्हणजे मोह," म्हणे. गोठ्यात जनावरांसाठी टांगलेली मिठाची चाटण वीटसुद्धा त्यांनी काढायला लावली.

ती वीट टांगली होती हिंमतरावांच्या सुनेनं, छायानं. छायाचं माहेर लोणार. नवरा कुलदीप जालन्याला कंपनीत कामाला, आठवड्यातून एकदा येणारा. या पोरीनं एक कालवड वाढवली होती, मैना. जन्मल्याबरोबर तिला पोटभर चीक पाजला. जंताचं औषध वेळेवर दिलं. लसूणघास लावला, मका लावला, आणि आधी मैनेला घालून मग उरलेला बाकीच्या जनावरांना. मैनेची छाती भरली, पाठ सरळ राहिली, कातडी तुकतुकीत झाली. आता ती माजावर आली की चांगल्या वळूचं रेतन करायचं, तिच्यापासून गोठा वाढवायचा आणि कुलदीपला जालन्याहून घरी आणायचं, हा छायाचा बेत. नवऱ्याला घरी आणायला ती एका कालवडीवर विसंबली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

आणि दुसऱ्या दर्शनात गोमाई मैनेपाशी थांबली, हुंगली आणि पुढे गेली.

"रुष्ट!" महाराज म्हणाले.

"रुष्ट!" हिंमतराव म्हणाले, कारण आता या विषयात त्यांचाही अधिकार होता. "उद्या सकाळी टेम्पोत चढवा."

छाया मैनेचं दावं सोडून तिला घेऊन घरी गेली. मला मध्ये पडावंसं वाटलं. पण अख्खं गाव एका बाजूला असताना दूधवाल्या भगवानचं कोण ऐकणार?

संध्याकाळी ती केंद्रावर कॅन घेऊन आली तेव्हा मला वाटलं, रडून आली असेल. तर बाई चक्क हसत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत लालबुंद.

"हाताला काय झालं गं?" मी विचारलं.

"गोमाई पावली ना, भाऊ."

"म्हणजे?"

"मी मागच्या अंगनात लोनच्याच्या कैऱ्यायले मीठ लावून राह्यली होती. तं गोमाईनं दावं तोडलं आन् आली धावत. परातीत तोंड! परात ओढली तं माहे हात चाटे. अशी चाटे का सोडेच ना. मी म्हनलं, मायबाई, मीबी पूर्वजन्मी कालवड होती का काय?"

मी खुर्चीतून उठलोच. "मीठ!"

"हाव. आमच्या लोनारले तळ्याच्या काठी दगडावर पांढरी खार चढते. लहानपनी पाह्यलं मी, गाई ते दगड चाटत राहत. त्यायले कोनी पूर्वजन्म नाई इचारला." तिनं कॅन खाली ठेवला. "आन् दुसरं सांगू? महाराज दर्शनाच्या आंधी हरेक कालवडीच्या कपाळावर भस्म लावते. कधी उजव्या झोळीतलं, कधी डाव्या. एका झोळीत नुसती राख असंल, दुसऱ्या झोळीत मीठ."

"मग उद्या सगळ्यांसमोर त्या झोळ्या उलट्या करू!"

"आन् लोक काय म्हनतीन? महाराज म्हनन, मीठ तुमीच टाकलं. मामाजीच पह्यले मले घराबाहीर काढतीन. नाई भाऊ. त्यायच्याच नेमानं त्यायले बांधाव लागते." मग ती जरा थांबली. "तुमी उद्या उकंडरावाले चहा पाजा. मी टेम्पोची पूजा करतो."

आमच्याकडे गाडी लांबच्या वाटेला निघाली की बायका तिच्यावर पाणी शिंपडतात, हळदकुंकू लावतात. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारापाशी टेम्पो येऊन उभा राहिला. मी उकंडरावला बाजूला घेऊन चहा पाजत होतो, जनावरांच्या भावाच्या गप्पा काढत होतो. तिकडे छाया तांब्यातल्या पाण्यानं टेम्पोचं बॉनेट, बंपर, दिवे अगदी मन लावून धूत होती. ओल्या बॉनेटवर तिनं हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. उकंडरावनं कपातूनच मान तुकवून नमस्कार केला.

"सून असावी तं अशी," तो मला म्हणाला. "कालवड चालली, पन मनात कडूपना नाई."

"तेच म्हणतो मी," मी म्हणालो.

नाकारलेल्या कालवडी टेम्पोजवळ आणल्या गेल्या. त्यात मैनाही होती. निरोपाचा विधी असा की गोमाईनं त्यांच्याकडे पाठ फिरवायची, म्हणजे गावाचा त्यांच्याशी संबंध तुटला. महाराजांनी माइक लावला, शंख फुंकला आणि गोमाईला पुढे आणलं.

गोमाईनं कालवडींकडे पाठ फिरवली खरी. पण मग तिची नाकपुडी हलली. ती तशीच पुढे गेली, टेम्पोपाशी थांबली आणि बॉनेट चाटायला लागली.

गोमाईनं बॉनेट चाटून चकचकीत केलं. मग डावा दिवा. मग उजवा. मग बंपर. महाराज तिचं दावं ओढत होते आणि ती तसूभर हलत नव्हती.

"गोमाई पावली!" छायानं आवाज दिला.

सवयीनं सगळं गाव ओरडलं, "पावली!"

"महाराज," छाया पदर सावरत पुढे आली, "जिले गोमाईनं चाटलं, तिनं गावाची शीव ओलांडाची नाई. असंच सांगतलं ना तुमी?"

महाराजांनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे... हे कालवडींबाबत आहे, माई."

"मंग मामाजीले काऊन चाटलं? ते कुठं कालवड हायेत?"

"ते पूर्वजन्मी होते!"

"मंग टेम्पोबी असंल!"

गर्दीत कुजबूज झाली. "बरोबर हाय." "काय सांगता येते?" लोक अपेक्षेनं महाराजांकडे पाहायला लागले. माणसानं एकदा तोंडाला येईल ते बोलायची सवय लावून घेतली की त्याला मागे फिरता येत नाही. महाराजांनी डोळे मिटले, हात वर केला आणि खोल आवाजात म्हणाले, "होय. हे वाहन... पूर्वजन्मी कालवडच होतं."

हिंमतरावांनी टोपी काढली. ते अनवाणी चालत गेले आणि त्यांनी टेम्पोच्या बॉनेटला मिठी मारली. "माही बहीन!" ते म्हणाले.

मग काय, गावानं विधी हातात घेतला. कोणीतरी दावं आणलं. हिंमतरावांनी ते स्वतः बंपरला बांधलं आणि दुसरं टोक पाराजवळच्या खुंटीला. शेजारच्या गणेशनं घासाचा भारा आणून दोन दिव्यांच्या मध्ये टाकला. एका बाईनं बादलीभर पाणी ठेवलं. "आता हे गावाबाहीर जानार नाई," हिंमतरावांनी निकाल दिला. "जन्मभर हिची सेवा आमी करू."

"अहो काय लावलं तुमी हे!" उकंडरावचा चहाचा कप खाली पडला. "टेम्पो हाय तो! डिझेलवर चालते!"

"उपास सोडन तवा डिझेलबी देऊ," गणेश म्हणाला.

"सोडा ते दावं! महाराज, सांगा ना यायले!"

महाराज आकाशाकडे पाहत होते. कुणा पोरानं टेम्पोच्या आरशाला झेंडूची माळ घातली. ते पाहून उकंडरावचा तोल गेला. तो बॉनेटवर थाप मारत किंचाळला, "अरे मूर्ख हो! कोनीतरी मीठ लावलं असंल याले! मीठ लावलं का चाटते ते जनावर!"

आणि मग त्यानं स्वतःच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मिठाचं नाव कोनं काढलं होतं, उकंडरावभाऊ?" छायानं शांतपणे विचारलं. "आमाले तं उल्का सांगतली होती."

हिंमतराव हळूहळू आपल्या बहिणीपाशी, टेम्पोपाशी गेले. त्यांनी बॉनेटवर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. पुन्हा एकदा लावून पाहिलं. मग सरळ महाराजांकडे गेले आणि त्यांच्या खांद्यावरच्या दोन्ही झोळ्या ओढून घेतल्या. डाव्या झोळीत बोट घातलं, चाटलं. "राख," म्हणाले. उजव्या झोळीत बोट घातलं, चाटलं, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"खारट हाय," ते म्हणाले. "गूळबी हाय थोडासा."

आता छायानं सगळ्यांना समजेल असं सांगितलं. गाईला दिवसेंदिवस मीठ द्यायचं नाही. मग ज्या कालवडी ठेवायच्या त्यांच्या कपाळाला मिठाची राख लावायची, आणि ज्या कालवडी घेऊन जायच्या त्यांना नुसती राख. मिठाला हपापलेली गाय जिथं मीठ तिथं चाटणार. सात हजार नेत्र नाहीत, उल्का नाही. ती बोलत होती आणि एकेकजण उठून झोळीत बोट घालून चाखत होता. एवढा प्रसाद त्या पारावर कधी कोणी खाल्ला नसेल.

"आन् माहं टक्कल?" हिंमतरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तुमी शेनखत पांगवून घामाघूम आलते, मामाजी. घाम खारट राहते."

"म्हनजे मी कालवड नव्हतो?"

"नाई, मामाजी."

हिंमतराव पारावर बसले. "मंग इतके दिवस मी कांदा कायले सोडला?" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मला हसू येत होतं, पण मी हसलो नाही. देवत्व गेलं की माणसाला जरा वेळ लागतो.

एवढ्यात गीताबाई उकंडरावपुढे येऊन उभ्या राहिल्या. "माही कबरी कुठं हाय?" त्यांनी विचारलं. उकंडरावनं मान खाली घातली. ती केव्हाच पुढे विकली गेली होती, नगरकडे कुठेतरी. गीताबाई तिथेच मटकन बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. त्या रडण्यानं गर्दीचं हसू मावळलं आणि लोक महाराजांच्या अंगावर धावून जायला लागले. मी आडवा गेलो. मारहाण करून काही होत नसतं. जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि पोलिसांना मी आधीच फोन केला होता.

पोलिस येईपर्यंत मी महाराजांना विचारलं, "एक सांगा. नाकारलेल्या सगळ्या कालवडी गावातल्या सगळ्यांत चांगल्या निघाल्या. त्या कशा ओळखल्या?"

त्यांनी गॉगल काढला. पहिल्यांदाच ते माणसासारखे बोलले. "बाजारात दलाली करत जिंदगी गेली माझी. आधी मायेची कास बघायची. मग कालवडीची पाठ सरळ का, छाती रुंद का, चारी सडं सारख्या अंतरावर का, चामडी मऊ का. त्यात काय एवढं?" बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. जिल्ह्यात कालवडीची इतकी अचूक पारख असलेला माणूस क्वचितच असेल, आणि त्यानं ती पारख चोरीत घातली होती.

माझ्या मते गोष्ट इथे संपायला हवी होती. पण मागून एक हात वर आला. "महाराज, जाताजाता माह्या कालवडीले पाहून घ्या ना. नाकारता का?"

"माह्याबी!" दुसरा ओरडला. "तुमी नाकारली म्हनजे चांगलीच असंल!"

बघता बघता रांग लागली! ज्या माणसाला आत्ता लबाड ठरवलं, त्याच्यासमोर नकार मिळावा म्हणून कालवडी ओढत आणत होते. एकाला महाराजांनी घाबरून "छान आहे" म्हटलं तर तो रडकुंडीला आला. माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार, तेवढ्यात छायानं मैनेचं दावं सोडलं आणि तिला रांगेच्या मधोमध आणून उभं केलं.

"काय काय पाहाचं ते त्यायनं आत्ताच सांगतलं ना?" ती कडाडली. "पाठ, छाती, सडं. डोळे त्यायलेच हायेत का बे? तुमाले नाईत? वाका आन् पाहा!"

लोक वाकले. आधी लाजत, मग एकमेकांना दाखवत. कोणी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी आपल्या कालवडीची सडं पाहून नाराज झाला. पोलिसांची गाडी आली आणि महाराजांना घेऊन गेली, तरी बरेचजण मान वर करून पाहायलासुद्धा तयार नव्हते.

काही दिवसांनी सकाळी मी हिंमतरावांकडे गेलो तर मैना हंबरत होती, दाव्याला ओढ घेत होती. माजावर आली होती. छाया पशुवैद्यकीय डॉक्टरांना संध्याकाळी या म्हणून फोन लावत होती, आणि हिंमतराव पंचांग उघडून बसले होते.

"आज अमावस्या हाय," ते म्हणाले. "चांगला मुहूर्त पाहून मंगच रेतन करू."

"मामाजी," छाया म्हणाली, "उद्या मैनेचा माज उतरंल. पंचांग तिले वाचता येत नाई. माज आला तोच मुहूर्त."

हिंमतराव उठले आणि त्यांनी मैनेच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी पंचांग मिटलं आणि छायाच्या हातातून फोन घेतला. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "आजच या."

मित्रांनो, मी तुम्हाला देव सोडा असं म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही पाहा. पण जो कोणी तुमच्या गोठ्यात येऊन आपल्याला तुमच्यापेक्षा जास्त दिसतं असं सांगेल, त्याला एवढंच विचारा की काय दिसतं, कुठे दिसतं, आणि मलाही दाखव. खरं असेल तर तो दाखवील. नाही दाखवलं, तर कालवड खुंटीलाच बांधलेली राहू द्या.